दाखवायची गरिबी

आमच्या इमारतीत गरिबी कशी दाखवायची याचं एक शास्त्र होतं, आणि त्या शास्त्रात कोपऱ्यावरच्या काकूंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

इमारत काचेच्या कारखान्याची. दोन मजले, समोरून लांब सज्जा, सज्ज्यात ओळीने दारं, आणि प्रत्येक दारामागे एक खोली. मालकांनी कामगारांसाठी मदतनिधी काढला होता. त्यातून विधवांना महिन्याचं धान्य मिळे, एखाद्या मुलीची शाळेची फी भरली जाई, भट्टीत भाजलेल्याचं औषधपाणी होई. पण निधी द्यायच्या आधी घराची पाहणी व्हायची. मालकांच्या नात्यातली एक बाई मोटारीतून यायची, खोलीत बसायची, इकडेतिकडे बघायची आणि हे कुटुंब मदतीला लायक आहे की नाही ते ठरवायची. नुसतं गरीब असून भागत नसे. गरीब तर आम्ही सगळेच होतो. लायक गरीब व्हावं लागे.

काकूंच्या मते त्याचे नियम साधे होते. जमीन लख्ख हवी, कारण घाण दिसली की बाई म्हणणार, आळशी आहेत. पोरांचे केस विंचरलेले हवेत, पण रिबीन नको. कपडे धुतलेले हवेत आणि बसताना ठिगळाची बाजू बाईंकडे यायला हवी. डोळ्यांत पाणी आणायचं, पण ते गालावर उतरू द्यायचं नाही, गालावर उतरलं की नाटक वाटतं. आणि खोलीत किमती असं काही म्हणजे काही दिसता कामा नये.

हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण माणसं काही अगदी रिकामी नव्हती. कुणी पोटाला चिमटा काढून रेडिओ घेतला होता, कुणाकडे आईकडून आलेली तांब्याची मोठी भांडी होती, काकूंच्या स्वतःच्या घरी नक्षीचा लाकडी पाळणा होता. पाहणी एकाच घराची असली तरी बाई जाता जाता कुठल्या दारात डोकावेल याचा नेम नसे, आणि निम्म्या घरांत निधीचं काही ना काही चालू होतं. म्हणून पाहणीच्या दिवशी सकाळपासून सज्ज्यातून सामानाची वरात निघे आणि अगदी टोकाच्या खोलीत जाऊन थांबे.

ती खोली पहारेकऱ्याची. कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करणारा सडाफटिंग माणूस. एक खाट, एक खुंटी, पाण्याचं एक मडकं, बस्स. त्याने निधीकडे जन्मात काही मागितलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या दाराशी थांबायचं बाईला कधी कारण पडलं नाही. रात्रभर जागून आलेला असला तरी त्या दिवशी तो झोपत नसे. सगळ्या इमारतीचं वैभव आत रचून ठेवायचं, दार लोटून घ्यायचं आणि आत खाटेवर ताठ बसून राहायचं. संध्याकाळी जिन्नस परत देताना फडक्याने पुसून देई. कुणाच्या वस्तूला कधी पोचा आला नाही, हे तो स्वतःच दहादा सांगे. आम्ही मुलं त्याला काका म्हणायचो, माझी आई भाऊजी म्हणायची.

माझे बाबा भट्टीवर काच फुंकायचे. लांब नळीच्या टोकाला वितळलेला गोळा, दुसऱ्या टोकाला बाबांचं तोंड, आणि मधल्या हवेतून बाटल्या जन्माला यायच्या. फुंकणाऱ्यांचे गाल पुढे पुढे सैल पडतात. बाबा गमतीने म्हणायचे की आपल्या गालांत दोन वेळचं जेवण साठवता येईल. मग त्यांचा खोकला सुरू झाला. आधी काम सुटलं, मग जिना सुटला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की डोंगरावरच्या आरोग्यधामात काही महिने ठेवलंत तर माणूस हाती लागेल, इथे या धुरात ठेवलंत तर पुढचा हिवाळा निघणं कठीण आहे. आरोग्यधामाचा खर्च आमच्या सात पिढ्यांना झेपला नसता. निधीच्या मात्र तिथे खाटा राखून होत्या, आणि त्यातली एक रिकामी झाली होती.

आईने अर्ज केला. आईला हा लपवाछपवीचा धंदा मुळीच पसंत नव्हता. ती घरी बसून कॉलर शिवून द्यायची, आणि त्या कमाईतून तिने दोन गोष्टी केल्या होत्या: आधी स्वतःचं शिलाई मशीन आणि मग भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ तर तिने निव्वळ हौसेने घेतलं होतं, भोंगा वाजायच्या आधी आपल्याला वेळ कळली पाहिजे म्हणून. पै-पाहुणा आला की ती त्या घड्याळाखाली बसायची. आपल्या कष्टाच्या वस्तू चोरीच्या मालासारख्या दुसऱ्याच्या घरात कशाला दडवायच्या, असं तिचं म्हणणं. काकूंनी तिला सरळ विचारलं की तुला घड्याळ हवंय का नवरा.

काकूंनी दोन संध्याकाळ तालीम घेतली. स्वतः बाई होऊन खुर्चीत बसल्या, प्रश्न विचारले, आईच्या उत्तरांना नाकं मुरडली. आईला डोळ्यांत पाणी आणायला जमेना. काकू म्हणाल्या, राहू दे, तू नुसती खाली बघ, ते जास्त चांगलं दिसतंय. बाबा अंथरुणावरून हे सगळं बघत होते आणि खोकता खोकता हसत होते. त्यांनाही सूचना मिळाली की त्या दिवशी खोकायचं, पण हसायचं नाही.

पाहणीच्या सकाळी मी आणि आईने मशीन उचलून टोकाच्या खोलीत नेलं. घड्याळ मी छातीशी धरून नेलं. काकांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि त्यासाठी भिंतीत खिळासुद्धा ठोकला, खाली ठेवलं तर कुणाचा पाय लागायचा म्हणून. बाकीच्या घरांची आवराआवर तोपर्यंत झालीच होती. आमची खोली इतकी उघडी झाली की बोललं तर आवाज घुमायचा.

आता, पूर्वी जी बाई यायची तिला आम्ही रडकी बाई म्हणायचो. मोठी मायाळू. तिला वाटे, देवाने आपल्याला पैसा दिला तो गरिबांची दुःखं पुसायला, आणि गरीब दिले ते आपल्याला पुण्य लागावं म्हणून. ती आली की रिकामी मडकी बघून स्वतःच रडायची आणि लगेच हो म्हणायची. काकूंचं सगळं शास्त्र तिच्यावर बेतलेलं होतं. तिच्याही आधी, म्हणे, थोरले मालक स्वतःच्या वाढदिवसाला फाटकात उभे राहून मूठमूठ नाणी उधळायचे, आणि ज्याला वेचता येतील तो लायक. तेव्हाचं शास्त्र कोपरांचं असणार. गरीब तेच होते, खोल्या त्याच होत्या. श्रीमंतांच्या मनात आमच्याविषयी काय आहे तेवढं मधून मधून बदलायचं, आणि ते बदललं की आम्हाला कुणी कळवायचं नाही.

त्या दिवशी मोटारीतून रडकी बाई उतरलीच नाही. उतरली ती एक तरुण, काटकुळी, चष्मा लावलेली बाई, आणि तिच्या हातात टिपणं घ्यायची वही. पुढे इमारतीने तिचं नाव टिपणबाई ठेवलं. माणूस म्हणून ती वाईट नव्हती, हे मला आज सांगावंसं वाटतं, जरी सांगताना दात आवळले जातात. ती कुठेतरी शिकून आली होती. पैसे नुसते वाटल्याने गरिबी वाढते, असं तिला शिकवलेलं होतं, आणि ते ती मन लावून शिकली होती.

ती खुर्चीत बसली. बाबांकडे बघून तिने मान हलवली, आणि मग खोलीवरून नजर फिरवली. आई ठरल्याप्रमाणे खाली बघत होती. बाबा ठरल्याप्रमाणे खोकले, ठरलं होतं त्याहून बरंच जास्त. काकू दाराबाहेर सज्ज्यात कपडे वाळत घालण्याचं निमित्त करून उभ्या होत्या.

बाईने विचारलं की नवरा किती वर्षं कारखान्यात होता. आईने सांगितलं की लग्नाच्या आधीपासून. दारू पितो का? नाही. जुगार? नाही. मग बाईने पेन थांबवलं.

"इतकी वर्षं पगार येत होता," ती म्हणाली. "मग तो गेला कुठे? घरात एक वस्तू नाही. साधं घड्याळसुद्धा नाही."

आईने मान वर केली.

बाईने मग शांतपणे समजावून सांगितलं. तिच्या आवाजात राग अजिबात नव्हता, त्यामुळे ते ऐकणं जास्त कठीण होतं. ती म्हणाली की समितीने या वर्षापासून धोरण बदललं आहे. खाटा मोजक्या आहेत. त्या अशाच कुटुंबांना द्यायच्या ज्यांनी थोडक्यात भागवून काहीतरी उभं केलं आहे, कारण तीच माणसं बरी झाल्यावर पुन्हा उभी राहतात. ज्यांच्या हातात काही टिकत नाही त्यांना दिलेलं पाण्यात जातं. तिला आमच्याबद्दल वाईट वाटत होतं, असंही ती म्हणाली.

सज्ज्यात काकूंच्या हातातली चादर तशीच राहिली. जन्मभर जे शास्त्र त्यांनी बांधलं ते एका वाक्यात उलटं झालं होतं. मी आईकडे बघत होते. तिच्या तोंडावर आधी काहीच दिसेना, आणि मग एकदम लाली आली. मला वाटतं, तिला हायसं वाटलं. जे लपवायचा तिला इतका तिटकारा होता तेच आता दाखवायचं होतं.

"घड्याळ आहे," आई म्हणाली. "शिलाई मशीनही आहे. माझ्या कमाईचं."

बाईने विचारलं, कुठे आहे? आई म्हणाली, शेजारी ठेवलंय. का ठेवलंय? खोली धुवायची होती म्हणून, असं आईने सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, खोली धुतली होतीच. बाई उठून उभी राहिली. चला, दाखवा, म्हणाली, आणि मला आनंद होईल, असंही म्हणाली. तिचा चेहरा खरंच उजळला होता. तिला नाही म्हणायची हौस नव्हती.

आई पुढे, मागे बाई, तिच्यामागे मी. सज्जा लांबलचक. प्रत्येक दारात कुणीतरी येऊन उभं राहत होतं आणि काय चाललंय ते न कळून काकूंकडे बघत होतं. काकूंची पाचावर धारण बसली होती. आईला त्या घाईत एवढंच सुचलं होतं की खोलीत आपलं घड्याळ आहे. त्याच खोलीत सगळ्यांचं सगळं आहे, हे तिच्या लक्षात आलं ते दारापाशी पोचल्यावर. तिचा हात कडीवर थांबला. पण बाई मागेच होती, आणि दार आतूनच उघडलं.

काका दारात उभे. आमच्या खोलीत बाई काय म्हणाली ते इतक्या लांब ऐकू येणं शक्यच नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच: बाई आईला पुढे घालून थेट लपवलेल्या मालापाशी घेऊन आली आहे. म्हणजे चोरी पकडली गेली.

त्यांच्या मागे खोलीत रेडिओ होते, तांब्याची भांडी होती, एक बाजाची पेटी, बायकी छत्र्या, काकूंचा पाळणा, मशीन, आणि भिंतीवर घड्याळ. बाई बघतच राहिली. हे कुणाचं, तिने विचारलं.

"माझं," काका म्हणाले.

सगळं? सगळं, ते म्हणाले. त्यांच्या आवाजात तसूभर चलबिचल नव्हती. फाटकावर आयुष्यभर उभं राहून माणसाला एवढं तरी जमतं. बाईने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली की हे आणि मशीन या बाईंचं आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.

काका हसले. आईला वाचवायचं म्हणून ते मुद्दाम मोठ्याने हसले.

"त्यांच्याकडे कुठलं घड्याळ, बाईसाहेब! वेळ विचारायला माझ्याकडे येतात. फार गरीब आहेत. त्यांच्याकडे काही म्हणजे काही नाही."

आणि शिलाई मशीन? ते मी चालवतो, काका म्हणाले, स्वतःचे कपडे स्वतः शिवतो. त्यांच्या सदऱ्याला दोन बटणं नव्हती. बाईने पाळण्याकडे बघितलं आणि विचारलं की तुमचं लग्न झालंय का. काका म्हणाले, अजून नाही, पण पुढचा विचार करून ठेवलेला बरा. सज्ज्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मीसुद्धा हसले असते. मी आईकडे बघितलं आणि हसले नाही.

बाई आईकडे वळली. आता तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. तिने आईला अजून एक संधी दिली, हेही खरं. कुणाचं आहे हे, नक्की सांगा, म्हणाली.

आईने फक्त एवढंच म्हणायचं होतं की हे खोटं बोलताहेत. पण मग बाईने विचारलं असतं की बाकीचं कुणाचं. सज्ज्यात सगळी दारं उघडी होती. ज्या विधवेचं धान्य चालू होतं तिची भांडी आत होती. ज्या मुलीची फी भरली जात होती तिच्या बापाची बाजाची पेटी आत होती. सगळे आईच्या तोंडाकडे बघत होते. आणि काका तिच्याकडे बघून किंचित मान हलवत होते, घाबरू नका वहिनी, मी आहे, अशी.

"त्यांचंच आहे," आई म्हणाली. "मी खोटं बोलले."

बाईने ते टिपून घेतलं. ती आमच्या खोलीत परत आलीच नाही, सज्ज्यातूनच जिन्याकडे वळली. जाताना तिने काकांचं नाव, हुद्दा आणि पगार विचारून घेतला, आणि इतक्या थोड्या पगारात इतकं जमवणारा माणूस आपण पाहिला नाही, असं त्यांना सांगून गेली.

आईने बाबांना सांगितलं की खाट आधीच कुणाला तरी देऊन झाली होती. बाबा म्हणाले, बरं झालं, डोंगरावर मला करमलं नसतं. त्यांनी तिच्यावर विश्वास ठेवला की नाही ते मला ठाऊक नाही. काका मात्र संध्याकाळी आले ते फुलून आले होते. कशी वेळ निभावली, असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, भाऊजी, तुम्ही होतात म्हणून. आणि तिने त्यांना चहा दिला.

बाबा त्या हिवाळ्यात गेले. अर्धा हिवाळाही त्यांनी काढला नाही.

काकांचं मात्र नशीब उघडलं. कारखान्याच्या फाटकात काटकसरी कामगार म्हणून त्यांचा फोटो लागला. टिपणबाई दर काही महिन्यांनी नवे नवे पाहुणे घेऊन त्यांची खोली दाखवायला यायची, आणि दर वेळी सगळ्या इमारतीला तेच सामान उचलून पुन्हा त्यांच्या खोलीत मांडावं लागायचं, एकही जिन्नस कमी न करता, कारण तिच्या वहीत सगळ्याची नोंद होती. बाकीच्या घरांना आता पाहणीत काहीतरी मांडून ठेवायला हवं होतं, आणि मांडण्यासारखं जे होतं ते काकांचं ठरलेलं. काकूंनी डोक्याला हात लावला. शेजारच्या इमारतीतून उसनं आणायला त्यांनी सुरुवात केली.

खरं काय घडलं ते काकांना कुणी सांगितलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं. सांगितलं असतं तर ते सरळ टिपणबाईकडे जाऊन कबूल करून आले असते, तसा माणूस होता, आणि मग सगळ्यांचंच बंद झालं असतं. म्हणून इमारतीने तोंडाला कुलूप घातलं. इमारतीचं मला समजतं. आईचं समजत नव्हतं.

मी मोठी झाले, माझं लग्न झालं, आई माझ्याकडे राहायला आली. कारखाना बंद पडला, निधीही गेला. आता कुणाकडून काही लपवायचं उरलं नव्हतं. काका म्हातारे झाले होते, मधून मधून आमच्याकडे जेवायला यायचे. जेवताना एकच गोष्ट सांगायचे, माझ्या नवऱ्याला, मग माझ्या मुलांना. त्या दिवशी मी नसतो तर तुमच्या आजीची अब्रू गेली असती, असं म्हणायचे. पाळण्याचं सांगायचे, मुलं हसायची. आई त्यांना वाढत असायची आणि म्हणायची, खरं आहे भाऊजी.

एकदा मला ते असह्य झालं. मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं की आज तरी सांग त्यांना. ते तोंड उघडून हसले नसते तर बाबा डोंगरावर गेले असते. निदान ती गोष्ट सांगायचं तरी थांबव त्यांना.

आईने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"जन्मभरात त्या माणसाने कुणाला काही दिलं असेल तर ते तेवढंच," ती म्हणाली. "ते आता मी परत करू?"

ती पुन्हा बाहेर वाढायला गेली. तिचं बरोबर असेल. पण मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. वडील माझे गेले होते.